रेणूंचा कारखाना



रेणवीय जीवविज्ञानासारखा विषय घेऊन एखादे प्राध्यापक या व्यासपीठावर उभे राहिले असते, तर त्यात कोणाला काही विशेष वाटले नसते. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने तो घ्यावा, याचे मात्र आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रीच्या लोकलगाडीत. परंतु औषधांच्या कारखान्यांतील कामगारांमध्ये वावरताना एक प्रश्न आमच्या मनात वारंवार येई. ज्या औषधाच्या कुप्या आमचे लोक पाळीपाळीने भरतात, ते औषध मुळात आले कोठून? त्याचा पहिला कारागीर कोण? या प्रश्नाचा माग काढीत गेलो, तेव्हा वाटेत अनेक घरे लागली. पण पुन्हा पुन्हा ज्या एका घराशी येऊन थांबावे लागले, ते म्हणजे इंग्लंडातील केंब्रिज येथील रेणवीय जीवविज्ञानाची प्रयोगशाळा. त्या घराचा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

कोणत्याही कारखान्याचा इतिहास सांगताना आम्ही तीन गोष्टी विचारतो. भांडवल कोणाचे? राबले कोण? आणि तयार झालेला माल गेला कोणाकडे? विज्ञानाच्या इतिहासाला हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. तेथे बुद्धिमंतांची नामावळी दिली की काम झाले, असे समजण्यात येते. आम्हाला वाटते की हेच तीन प्रश्न प्रयोगशाळेलाही विचारावेत, आणि उत्तर जे येईल ते मोकळ्या मनाने स्वीकारावे.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून घेऊ. आपल्या रक्तात हीमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. फुप्फुसांत प्राणवायू उचलायचा आणि तो शरीरभर पोचवायचा, हे त्याचे काम. हा रेणू म्हणजे एक यंत्रच आहे. त्यात ५७४ ॲमिनो आम्ले चार साखळ्यांत ओवलेली असतात आणि त्या साखळ्या विशिष्ट रीतीने दुमडलेल्या असतात. यंत्र उघडून पाहिल्याखेरीज ते कसे चालते हे फिटरला कळत नाही. रेणूचेही तसेच आहे. परंतु हे भाग इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातून ते कधीच दिसणार नाहीत. अणूअणूंमधील अंतर ज्या मापाने मोजतात त्या एका अँगस्ट्रॉमची लांबी मिलिमीटरचा एक कोटीवा भाग भरते. म्हणून एक वेगळी युक्ती काढावी लागली. प्रथिनाचे स्फटिक बनवायचे, त्यावर क्ष-किरण सोडायचे, पलीकडच्या फिल्मवर हजारो ठिपके उमटतात ते मोजायचे, आणि त्या मोजमापांवरून गणिताने मूळ आकृती काढायची. पावसात भिजलेल्या पावलांच्या ठशांवरून घरात कोण कोण येऊन गेले हे ओळखण्यासारखाच हा उद्योग. फक्त ठसे हजारोंनी.

हा उद्योग केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत सुरू झाला. ती प्रयोगशाळा पदार्थविज्ञानाची. १९३४ साली तेथे जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढे त्या हॉजकिन या आडनावाने प्रसिद्ध झाल्या) यांनी पेप्सिन या प्रथिनाच्या स्फटिकाचे पहिले चांगले क्ष-किरण चित्र मिळवले. बर्नाल हे नाव आम्हा संघटनावाल्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. शास्त्रज्ञ हाही वेतनावर जगणारा माणूस आहे, म्हणून त्याचीही संघटना असली पाहिजे, असे ते केवळ म्हणून थांबले नाहीत. ब्रिटनमध्ये १९१८ साली स्थापन झालेली वैज्ञानिक कामगारांची संघटना १९३० नंतरच्या दशकात पुन्हा उभारीला आणणाऱ्यांत ते पुढे होते, आणि पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. तिच्यात शास्त्रज्ञांबरोबर प्रयोगशाळांतील तंत्रसहायकही सभासद होते.

याच बर्नाल यांच्याकडे १९३६ साली व्हिएन्नाहून मॅक्स पेरुट्झ नावाचा बावीस वर्षांचा तरुण शिकायला आला. त्याचे घराणे गिरणीमालकांचे. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात यंत्रावरचे सूत आणि यंत्रमागाचे कापड आणणाऱ्यांपैकी त्याचे पूर्वज होते. मुलाने कायदा शिकून घरचा धंदा पाहावा अशी वडिलांची इच्छा होती. मुलगा रसायनशास्त्राकडे वळला. १९३७ साली त्याने हीमोग्लोबिन हाती घेतले. पुढच्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. पेरुट्झ कुटुंब ज्यू वंशाचे. घरचा धंदा गेला, आईवडील निर्वासित झाले आणि घरून येणारा पैसा बंद पडला. गिरणीमालकाचा मुलगा असा एका दिवसात पगारावर जगणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला. १९४० साली तर ब्रिटिश सरकारनेच त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडून कॅनडातील छावणीत धाडले. १९४१ साली तो सुटून परत आला आणि पुन्हा हीमोग्लोबिनला लागला.

आता पहिला प्रश्न : भांडवल कोणाचे? कॅव्हेंडिशचे प्रमुख सर लॉरेन्स ब्रॅग यांनी १९३९ साली अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानाकडून पेरुट्झ यांच्यासाठी अनुदान मिळवले. युद्ध संपल्यावर मात्र खरा पेच उभा राहिला. विद्यापीठाच्या खात्यांत या कामाला जागा नव्हती. काम करणारा रसायनशास्त्रज्ञ, प्रश्न जीवविज्ञानाचा आणि बसायला जागा पदार्थविज्ञानाच्या खात्यात. असल्या माणसाची नेमणूक करायची कोणत्या खात्याने? शेवटी १९४७ साली ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाने पेरुट्झ आणि त्यांचे सहकारी जॉन केंड्र्यू या दोघांचे एक छोटे पथक मंजूर केले. तेव्हापासून या कारखान्याचे मुख्य भांडवल हे ब्रिटिश जनतेच्या करांतून आले. ज्या देशात युद्धानंतर कित्येक वर्षे मांस, साखर शिधापत्रिकेवर मिळत होती, त्या देशाने हा पैसा काढून दिला, ही गोष्ट आपण विसरू नये.

आणि हे भांडवल घाईचे नव्हते. हिशेब पाहा. पेरुट्झ यांनी १९३७ साली सुरुवात केली. १९५३ साली त्यांना वाट सापडली : रेणूला पाऱ्यासारख्या जड धातूचे अणू चिकटवले की ठिपक्यांच्या तीव्रतेत जो फरक पडतो, त्यावरून कोडे सुटते. केंड्र्यू यांनी मायोग्लोबिन या स्नायूंतील लहान प्रथिनाची पहिली ढोबळ आकृती १९५८ साली प्रसिद्ध केली, आणि हीमोग्लोबिनची आकृती १९६० साली. म्हणजे बावीस-तेवीस वर्षे! दर तीन महिन्यांनी उत्पादनाचा तक्ता मागणाऱ्या मालकाने हे खाते केव्हाच बंद केले असते. सार्वजनिक पैशाला जर काही मोठेपण असेल, तर ते या थांबण्यात आहे.

दुसरा प्रश्न : राबले कोण? पुस्तकांतून याचे उत्तर पाच-सहा नावांत आटोपते. १९५३ सालच्या एप्रिलच्या २५ तारखेला याच पथकातील जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी 'नेचर' साप्ताहिकात डीएनए रेणूच्या दुपेडी गोफाची रचना प्रसिद्ध केली, हे आपण शाळेत वाचलेले असते. परंतु त्या गोफाच्या मागे लंडनच्या किंग्ज कॉलेजातील रोझलिंड फ्रँकलिन यांची मोजमापे होती. १९५२ साली त्यांच्या देखरेखीखाली रेमंड गॉस्लिंग या विद्यार्थ्याने घेतलेले एक क्ष-किरण चित्र फ्रँकलिन यांना न विचारता वॉटसन यांना दाखवण्यात आले, आणि मंडळाच्या एका अहवालातील त्यांचे आकडेही केंब्रिजला पोचले. फ्रँकलिन १९५८ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी वारल्या. १९६२ चे नोबेल पारितोषिक क्रिक, वॉटसन आणि किंग्ज कॉलेजचेच मॉरिस विल्किन्स यांना मिळाले. फ्रँकलिन तोवर हयात असत्या तर त्या तिघांच्या मर्यादेत त्यांचे नाव कोठे बसवले असते, हा प्रश्न आजही विचारला जातो. आम्हा कामगारांना यात अपरिचित असे काही नाही. हजेरीपटावर एकाचे नाव आणि कामावर दुसऱ्याचा हात, हा प्रकार आम्ही रोज पाहतो.

त्याच गोफाची आणखी एक हकीकत वॉटसन यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. रचनेचा नमुना बांधायला धातूच्या पातळ पट्ट्या लागत होत्या, आणि त्या कॅव्हेंडिशच्या वर्कशॉपमधून कापून यायच्या होत्या. त्या वेळेवर आल्या नाहीत, म्हणून वॉटसन यांनी जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून जोड्या लावून पाहिल्या आणि जोड जमला. पुढे वर्कशॉपच्या पट्ट्या आल्या तेव्हाच पक्का नमुना उभा राहिला. त्यांतील काही मूळ पट्ट्या वापरून पुन्हा बांधलेला नमुना लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. तो पाहणारे लोक वॉटसन-क्रिकची आठवण काढतात. पट्टी कापून तिच्या कडा घासणाऱ्या फिटरचे नाव तेथे शोधून सापडायचे नाही.

केंड्र्यू यांच्या कामाकडे पाहा. मायोग्लोबिन त्यांनी स्पर्म व्हेल या देवमाशाच्या मांसातून काढले, कारण खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्याच्या स्नायूंत प्राणवायूचा साठा मोठा असतो. ढोबळ आकृतीसाठी सुमारे ४०० ठिपके पुरले. सूक्ष्म आकृतीसाठी सुमारे १०,००० लागले. प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजायची, नोंदवायची, आणि हेच काम जड धातू जोडलेल्या प्रत्येक नमुन्यासाठी पुन्हा करायचे. हिशेब विद्यापीठाच्या एडसॅक या आरंभीच्या गणकयंत्रांपैकी एकावर होई. मात्र फिल्मवरचे ठिपके मोजायला माणसेच लागत, आणि ती माणसे म्हणजे शाळा संपवून नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुली होत्या. अधिक प्रखर क्ष-किरण देणारे फिरत्या धनाग्राचे यंत्र टोनी ब्रॉड या अभियंत्याने बांधून दिले नसते, तर ही चित्रे घेण्यातच आणखी वर्षे गेली असती.

तरीही या प्रयोगशाळेच्या पदरी एक श्रेय टाकलेच पाहिजे. येथल्या काही सहायकांची नावे शास्त्रीय निबंधांच्या डोक्यावर आली. डीएनएची लिपी तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते हे दाखवणारा १९६१ चा निबंध चौघांच्या नावे आहे; क्रिक, ब्रेनर आणि वॉट्स-टोबिन यांच्या बरोबरीने त्यात लेस्ली बार्नेट या प्रयोगशाळा-सहायक बाईंचे नाव आहे. डीएनएची अक्षरे ओळीने वाचण्याची रीत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केली, त्या निबंधावर त्यांच्या दोन्ही सहायकांची, निकलेन आणि कूलसन यांची नावे आहेत. एका सूक्ष्म कृमीच्या ३०२ मज्जापेशींची संपूर्ण जोडणी दाखवणारा १९८६ चा प्रचंड निबंध चौघांचा. त्यांतील आयलीन साउथगेट आणि निकोल थॉमसन हे दोघे तंत्रसहायक. नाव छापल्याने पगार वाढत नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्याचे नाव छापले जाते त्याला कामाबद्दल बोलण्याचा हक्क येतो, हेही आम्ही जाणतो.

असे येथे का घडले, याचे उत्तर कामाच्या रीतीत आहे. कॅव्हेंडिशमध्ये जागा पुरेना, तेव्हा पथकाचे काही लोक अंगणातील एका तात्पुरत्या खोपटात काम करीत. अखेर शहराच्या कडेला, नव्या रुग्णालयाच्या आवारात, मंडळाने स्वतंत्र इमारत बांधली आणि १९६२ च्या मे महिन्यात राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. कॅव्हेंडिशचे पथक, विद्यापीठाच्या जीवरसायन खात्यातून सँगर, लंडनहून ॲरन क्लुग असे लोक एका छपराखाली आले. पेरुट्झ यांनी संचालक हे पद घेतलेच नाही. ते कारभारी मंडळाचे अध्यक्ष राहिले आणि स्वतः रोज प्रयोग करीत राहिले. उपकरणे सामायिक ठेवली. समित्या कमीत कमी ठेवल्या. आणि वरच्या मजल्यावर सर्वांसाठी एकच उपाहारगृह उघडले. ते पेरुट्झ यांच्या पत्नी गिझेला यांनी वीसेक वर्षे चालवले. सकाळची कॉफी, दुपारचे जेवण, सायंकाळचा चहा या तिन्ही वेळा नोबेल विजेता आणि काल रुजू झालेला सहायक एकाच टेबलाशी बसू शकत. साहेबांचे जेवणघर वेगळे आणि कामगारांचे वेगळे, अशा कारखान्यात ज्यांनी हयात काढली त्यांना या एका टेबलाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. यंत्र कोठे अडते हे ज्याला ठाऊक असते तो आणि यंत्र का अडते हे ज्याला शोधायचे असते तो, यांची गाठ त्या टेबलावर पडत असे.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. एका टेबलाशी चहा घेतल्याने सारे समान होतात काय? होत नाहीत. पारितोषिके शास्त्रज्ञांनाच मिळाली, आणि ठिपके मोजणाऱ्या मुलींची नावे आज जाणकारांखेरीज कोणालाही माहीत नाहीत. ही प्रयोगशाळा म्हणजे कामगारांचे राज्य होते असे आमचे म्हणणे नाही. श्रेणीची भिंत जितकी बुटकी, तितके काम चांगले होते, एवढे मात्र तिच्या इतिहासावरून सिद्ध होते.

शिक्षणाच्या बाबतीतही तिची रीत पाहण्याजोगी आहे. ही प्रयोगशाळा सरकारी मंडळाची. परंतु तेथे शिकणारे विद्यार्थी डॉक्टरेटसाठी नाव नोंदवतात ते केंब्रिज विद्यापीठात. शिकवण्याची पद्धत मुख्यतः उमेदवारीची. सुताराच्या हाताखाली पोऱ्या रंधा धरायला शिकतो, तसा विद्यार्थी गुरूच्या शेजारच्या बाकावर हात चालवून शिकतो. सँगर यांनी दोनदा नोबेल मिळवले, पण निवृत्त होईपर्यंत ते बाकावरून उठले नाहीत. नावापुढे 'सर' लागू नये म्हणून त्यांनी सरदारकीही नाकारली.

आणि तेथे आले कोण? सिडनी ब्रेनर यांचे वडील लिथुएनियातून दक्षिण आफ्रिकेत गेलेले चांभार. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरी टेबलावर चादरीऐवजी अंथरलेल्या वर्तमानपत्रांवरून हा मुलगा अक्षरे वाचायला शिकला. तो पुढे डीएनएचा निरोप पेशीतील कारखान्यापर्यंत नेणाऱ्या संदेशवाहक रेणूच्या शोधकांपैकी एक झाला. सेसार मिलस्टीन अर्जेंटिनाचे. ब्यूनोस आयरीस येथे १९६२ च्या लष्करी उठावानंतर त्यांच्या संस्थेतील सहकाऱ्यांना कामावरून काढले, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि ते केंब्रिजला परतले. सहकाऱ्यांना काढले म्हणून स्वतःची नोकरी सोडणाऱ्या माणसाला आमच्या भाषेत काय म्हणतात, हे या सभेत सांगायला नको.

आता तिसरा आणि सर्वांत कठीण प्रश्न : माल गेला कोणाकडे? याची तीन उत्तरे तीन हकीकतींतून मिळतात.

पहिली हकीकत मिलस्टीन यांचीच. १९७५ साली त्यांनी आणि जॉर्जेस कोलर यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. शरीरात शिरलेला विशिष्ट शत्रू नेमका ओळखणारी ही प्रथिने. सरकारी विकास महामंडळाला विचारणा झाली. यातून ताबडतोब काही व्यावहारिक उपयोग दिसत नाही, असे उत्तर १९७६ साली आले आणि पेटंट घेतले गेले नाही. मिलस्टीन आपल्या पेशी मागेल त्या प्रयोगशाळेला देत राहिले. पुढे अमेरिकेतील एका संस्थेने याच रीतीवर आधारलेली पेटंटे मिळवली आणि ब्रिटनमध्ये मोठा गहजब झाला. त्यानंतर वारे फिरले. याच प्रयोगशाळेतील ग्रेगरी विंटर यांनी ही प्रतिपिंडे माणसाला सोसतील अशी बदलण्याच्या रीती काढल्या, त्यांची पेटंटे घेतली गेली, आणि त्या पिढीतून आलेले संधिवातावरील ॲडालिमुमॅब हे औषध कित्येक वर्षे जगातील सर्वाधिक खपाच्या औषधांत अग्रभागी राहिले. प्रयोगशाळेला स्वामित्वधन मिळाले, आणि २१ कोटी २० लाख पौंड खर्चून बांधलेल्या तिच्या नव्या इमारतीचे २०१३ साली उद्घाटन झाले, तिच्या खर्चात त्या धनाचाही वाटा होता. म्हणजे एक पैसा सार्वजनिक संस्थेकडे परतला हे खरे. बाकीचा नफा कंपन्यांकडे गेला, हेही तितकेच खरे.

दुसरी हकीकत जॉन सल्स्टन यांची. ब्रेनर यांच्या हाताखाली त्यांनी त्या कृमीच्या ९५९ पेशींची वंशावळ डोळ्यांत तेल घालून लिहून काढली. पुढे सँगर यांच्या वाचनरीतीच्या जोरावर मानवी जनुकसंचाची ३०० कोटी अक्षरे वाचण्याचे काम जगातील सार्वजनिक संस्थांनी हाती घेतले, तेव्हा ब्रिटनच्या बाजूचे नेतृत्व सल्स्टन यांच्याकडे आले. १९९६ साली बर्म्युडा बेटावर ठरले की वाचलेली अक्षरे चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुली करायची. १९९८ साली एका खाजगी कंपनीने हेच काम आधी उरकून विकण्याचा डाव मांडला. सल्स्टन आणि त्यांचे सहकारी नेटाने उभे राहिले. २००० साली कच्चा मसुदा जाहीर झाला, २००३ साली काम पुरे झाल्याची घोषणा झाली, आणि ती अक्षरे आज कोणीही विनामूल्य वाचू शकतो. मालकीच्या प्रश्नावर संघटितपणे उभे राहिले तर जिंकता येते, याचे हे उदाहरण आहे.

तिसरी हकीकत आपल्या घरची आहे. १९५६ साली, अजून ते पथक कॅव्हेंडिशमध्येच असताना, व्हर्नन इनग्राम यांनी सिकलसेल आजाराचे मूळ शोधले. लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली दाखवले होते की या रोग्यांचे हीमोग्लोबिनच निराळे असते. इनग्राम यांनी सँगर यांच्याच पद्धतींत भर घालून त्या प्रथिनाचे तुकडे कागदावर पसरले, आणि निरोगी व रोगी हीमोग्लोबिनात एका तुकड्याचा फरक आहे हे दाखवले. बीटा साखळीतील १४६ ॲमिनो आम्लांपैकी सहावे, एवढेच बदललेले. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस असह्य वेदनांनी तळमळतो. एका अक्षराच्या चुकीमुळे होणारा रोग माणसाने प्रथमच पाहिला.

हा आजार आपल्या महाराष्ट्रात आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या विदर्भातील जिल्ह्यांत, तसेच नंदुरबारकडे, आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये तो घरोघर ठाऊक आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या मुलाचे सांधे रात्री ठणकू लागले, की दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली. रोगाचे कारण १९५६-५७ साली कळले. भारत सरकारची सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ रोजी. तिने सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत जनुकांत दुरुस्ती करणारा पहिला उपचार मान्य झाला. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. कारण कळल्यापासून या उपचारापर्यंत सदुसष्ट वर्षे गेली, ती विज्ञानाच्या अडचणींची म्हणून समजून घेता येतील. परंतु या १८ कोटींपासून गडचिरोलीच्या झोपडीपर्यंतचे अंतर काही विज्ञानाने निर्माण केलेले नाही. ते मालकीने निर्माण केले आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे जुने, स्वस्त औषध अनेकांच्या वेदना कमी करते. तेही प्रत्येक आरोग्य केंद्रात अखंड मिळावे, यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.

आपल्या देशाने या शास्त्रात काही केले नाही, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. कॅव्हेंडिशमध्येच डॉक्टरेट घेतलेले जी. एन. रामचंद्रन पुढे मद्रास विद्यापीठात आले आणि बर्नाल यांच्या भेटीतून त्यांनी कोलॅजेन या कातडीतील आणि स्नायुबंधांतील प्रथिनाचा प्रश्न घेतला. १९५४ साली त्यांनी त्याची तिपेडी रचना मांडली. प्रथिनांच्या साखळ्या कोणकोणत्या कोनांत वळू शकतात हे दाखवणारा त्यांचा १९६३ चा आलेख आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. मुंबईत होमी भाभांनी १९६२ सालीच, म्हणजे केंब्रिजच्या नव्या इमारतीच्याच वर्षी, ओबैद सिद्दिकी यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग उघडला. तेथे पुढे मूळच्या गोमंतकीय घराण्यातील, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी चिलटाला वास आणि चव कशी कळते यावर महत्त्वाचे काम केले. आणि बडोद्याच्या विद्यापीठातून पदवी घेतलेले वेंकटरामन रामकृष्णन १९९९ साली त्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेत गेले. पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. बुद्धी आपल्याकडे आहे. तिला वीस वर्षे थांबणारे सार्वजनिक भांडवल आणि एक टेबल, या दोन गोष्टी मिळतात किंवा नाही, हा प्रश्न आहे.

आज आपल्याकडील पुष्कळ प्रयोगशाळांत सहायक अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर काम करतात, हे संघटनेच्या कामात आम्ही जवळून पाहिले आहे. ज्याला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो दहा वर्षे चालणारा प्रयोग मनापासून कसा सांभाळील? कूलसन, बार्नेट, साउथगेट ही माणसे वर्षानुवर्षे एका जागी टिकली म्हणून त्यांचे हात तयार झाले. कायम नोकरीचे म्हणणे मांडले की ते आमच्या स्वार्थाचे समजतात. त्या प्रयोगशाळेच्या इतिहासात ती संशोधनाचीच एक गरज होती असे दिसते.

तेव्हा तिन्ही प्रश्नांची उत्तरे अशी आहेत. भांडवल मुख्यतः जनतेचे होते, आणि ते धीराचे होते. राबणारे पुष्कळ होते, त्यांतील थोड्यांचीच नावे राहिली, आणि जेथे त्यांना टेबलाशी बसवले तेथे काम फळाला आले. मालाच्या बाबतीत मात्र निकाल अजून लागलेला नाही. काही माल सर्वांचा झाला, काही थोड्यांच्या तिजोरीत गेला, आणि ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे तो सिकलसेलचा रोगी अजून रांगेत उभा आहे. आपण सारे कर भरणारे आहोत. विद्यापीठे, रुग्णालये, संशोधन संस्था आपल्या पैशावर चालतात. आपल्या नगरातल्या आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी होते काय, औषध मिळते काय, हे आपण उद्या जाऊन विचारू शकतो. तेवढे विचारण्यासाठी रेणवीय जीवविज्ञानाची पदवी लागत नाही.